सगळ्या घराला राखाडी

२ मार्च

मरूनचा लॉट परत आला! चाळीस तागे! गिऱ्हाईक म्हणतंय, हा मरून नाही, चहाचा डाग आहे. एकोणीस वर्षं या कारखान्यात कापडाच्या शेड जुळवतोय. एकदा तुकडा डोळ्यांखालून गेला की रंग पाठ. आणि मला सांगतात, चहाचा डाग!

चष्मेवाली — माझ्या हाताखालची नवी मुलगी — लॉट जाण्याआधी म्हणाली होती, "सर, हा जरा तपकिरीकडे झुकतोय का?" सगळ्यांसमोर विचारलं, म्हणून सगळ्यांसमोरच झापलं. "आधी काचा पुसून ये." सगळे हसले, ती रडली. आज साहेबांनी विचारलं, शेवटची सही कुणाची? तिची. मीच करायला लावली होती. फक्त नाव सांगितलं.

५ मार्च

चष्मेवालीची रवानगी गोदामात, गठ्ठे मोजायला. जाताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. उर्मट!

पण साहेबांचं समाधान झालेलं नाही. जूनमध्ये सगळ्यांच्या डोळ्यांची तपासणी. बाहेरचा माणूस येणार. रंगीत चकत्या छटेप्रमाणे रांगेत लावायच्या. चुकेल तो गोदामात. मी गोदामात! त्या पोरीच्या शेजारच्या स्टुलावर! मेलो तरी नाही.

८ मार्च

सापडलं! दोष डोळ्यांचा नाही, घराचा आहे. कारखान्यात माझी खोली राखाडी — भिंती, टेबल, खुर्चीसुद्धा. मुद्दाम तशी ठेवतात, नजर कोरी राहावी म्हणून. आणि घरी? पिवळा हॉल, निळं स्वयंपाकघर, पोरीच्या खोलीत तर नुसती सर्कस. दिवसभर जपलेली नजर उंबरठ्यातच नासते.

सगळ्या घराला राखाडी. मध्यम — ना काळ्याकडे, ना पांढऱ्याकडे. भिंती, दारं, छत, कपाटं, सगळं.

बायको म्हणाली, "अहो, माणसं राहतात इथे." म्हटलं, "ती माणसं माझ्या डोळ्यांवर जेवतात."

११ मार्च

पेंटर डोकं खाजवत होता. "साहेब, इतकी राखाडी तर आम्ही जिन्यालाही लावत नाही." कारखान्यातला नमुना त्याच्या हातात ठेवला. हाच, तसूभरही फरक चालणार नाही! मी कामावर असेन, बायको लक्ष ठेवील.

पोरगी — अकरा वर्षांची घोडी — आपल्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली. तिने झाडं काढली आहेत तिथे. "बाबा, एवढी एक भिंत राहू द्या ना." विचारलं, "पानं जांभळी असतात? तुझ्या हातात ब्रश म्हणजे रंगाची नासाडी." डोळे पुसले आणि सरकली. एवढं मऊ राहून चालत नाही जगात. कुणीतरी शिकवायला हवंच.

१४ मार्च

रंगाचा पहिला हात झाला. घरी आल्या आल्या पोरीच्या खोलीत मधोमध उभा राहिलो. भिंतीपाशी जाऊन, लांब जाऊन, डोळे बारीक करून बघितलं. नामी! पेंटर दिसतो बावळट, पण नमुना अचूक उचललाय. बायको दारात उभी होती, पदराचं टोक पिळत. मी "नामी" म्हटलं तरी माझ्या तोंडाकडे बघतच राहिली.

१७ मार्च

दुसरा हात. आता कसं घर घरासारखं वाटतंय!

२ एप्रिल

पडदे, चादरी, उशांचे अभ्रे, पोरीची रंगपेटी — सगळं पोत्यात भरून दिलं टाकून. लाल स्वेटर कवटाळून बसली होती, तोही काढून घेतला. "बाबा, तो आजीने विणलाय." म्हटलं, आजीला सांग राखाडी लोकर आणायला.

मला वाटलं होतं आता आठवडाभर रडारड. पण नाही. पोरगी तासन् तास आपल्या खोलीत बसते आणि चक्क गुणगुणते. बायकोही उलट बोलत नाही. वळण लागलं! हे लग्नानंतर लगेच करायला हवं होतं.

२१ एप्रिल

पोरीचा वाढदिवस. मैत्रिणींना बोलवायचं नाही म्हणून बजावलं. रंगीबेरंगी फ्रॉक घालून भिंतीसमोर नाचणार सगळ्या! केक आणला, पांढरा. तिघांनी खाल्ला.

१९ मे

घरीच तपासणी घेतली स्वतःची. कारखान्यातून कात्रणं आणली होती. लाल, शेंदरी, मातकट, हिरवी — छटेप्रमाणे जेवणाच्या टेबलावर मांडली. वेळ लागला जरा, पण रांग बरोब्बर लागली! बायकोला हाक मारली, बघ म्हटलं. तिने या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं.

"तुम्हाला बरोबर वाटतंय?"

"अगदी!"

"मग झालं तर," म्हणाली आणि ताटल्या मांडायला कात्रणं गोळा केली. हिची अक्कल गुडघ्यात. पण म्हटलं जाऊ दे.

८ जून

उद्या तपासणी. फाटकापाशी चष्मेवाली भेटली. "सर, शुभेच्छा." मनापासून म्हणाली की काय, कोण जाणे. म्हटलं, "शेजारचं स्टूल पुसून ठेव. उद्या कुणीतरी येईल सोबतीला." मान खाली घालून गेली. मला इतकं हसू आलं की ठसका लागला.

९ जून, सकाळ

पोरीची एक मैत्रीण वही मागायला आली. आतून तिचा आवाज — "अय्या! तुझी खोली काय मस्त गुलाबी आहे गं! आणि हॉल हिरवा!"

मी ओरडलो, "हिचे डोळे तपासून घ्या कुणीतरी!" कुणीच हसलं नाही. पोरगी बायकोमागे जाऊन लपली.

बायकोने गॅस बंद केला. म्हणाली, "पोरीच्या खोलीत पहिल्या हाताला चमचाभरच गुलाबी घालायला सांगितला होता. जीव मुठीत धरून उभी होते, तुम्ही घर डोक्यावर घ्याल म्हणून. तुम्ही नामी म्हणालात. मग दुसऱ्या हाताला डबाभर घातला. हॉलमध्ये हिरवा."

"तीन महिने! सांगितलं का नाहीस?"

"तुम्हाला सांगायची छाती आहे कुणाची?"

डबा भरून दिला तिने. रोजच्यासारखा.

तपासणी अकराला आहे. पोरीच्या खोलीत उभा आहे मघापासून. दिवा लावून बघितलं, खिडकी उघडून बघितलं, भिंतीला नाक लावून बघितलं.

राखाडी आहे.