खाटेवरचा तारामासा

४ नोव्हेंबर १९८६

पुन्हा तेच! एकनाथ बोटीवरून आला, जेवला आणि भर दुपारी खाटेवर आडवा. (घरात नवऱ्याचं नाव घेत नाही, इथे कोण अडवतंय!) हात दोन दिशांना, पाय दोन दिशांना. मी कडेला टेकले तर कोपर नाकावर! ओरडले. तर म्हणे, "बोटीत मुटकुळं करून झोपतो गो. घरात तरी पसरू दे."

बाहेरून धाकटा दीर महादू — "वयनी, ढकल दादाला खाली! माघात माजं लगीन झालं का मी पन आसाच झोपनार." मेला!

६ नोव्हेंबर

पापलेटं घेऊन बोईसरला कॉलनीत गेले. दुसऱ्या मजल्यावरच्या मॅडमचा बाबू हातपाय फेकून झोपलेला. मॅडम हसून म्हणाल्या, "बघा, स्टारफिश!" अशा झोपेला इंग्रजीत तसंच म्हणतात म्हणे. म्हणजे आपला तारामासा! जाळ्यात आला की आम्ही वाळूवर भिरकावतो तो. ना खायचा ना विकायचा!

घरी येऊन सांगितलं. तेव्हापासून महादू भावाला त्याच नावाने हाका मारतोय. एकनाथ चिडला की हा आणखी मोठ्याने!

९ नोव्हेंबर

दोघे भाऊ पहाटेच बोटीवर गेले. अख्खी खाट माझी! दुपारी मस्त ताणून दिली.

१३ नोव्हेंबर

वारा फिरलाय. सातपाटीच्या बाकीच्या बोटी खाडीत आल्या. आमची नाही. सासूबाई — माई — बंदरावरून हलत नाहीत. मी सारखी घर ते बंदर, बंदर ते घर.

जरा पडावं म्हटलं, तर खाटेच्या कडेलाच पडते. मधे सरकवत नाही. त्या झोपेवरून किती तोंड सोडलं मी! येऊ दे बाबा, सगळी खाट घेऊ दे.

१४ नोव्हेंबर

बोंबील सुकत घालायला बसले. हात चालेना. शेजारची सुगंधा म्हणते, "डहाणूला लागली आसंल गो, नको घाबरू." असेल. नसेल. तिच्या धीर देण्याचाही राग येतोय.

१५ नोव्हेंबर

आली! आली! खाडीच्या तोंडाशी आमचा लाल बावटा!

मी डोळे ताणून माणसं बघायला लागले, तर माईंनी माझं तोंडच फिरवलं. "मोजू नको! बोट काठाला लागंपरयंत मानसं मोजायची नायत." त्यांचा जुना नियम. मग नाहीच मोजली. पुढे टोकाला एकनाथ उभा — तेवढा ओळखला आणि पळत घरी आले.

भात टाकलाय. खाट झटकली, जाड गोधडी घातली. पसरा म्हणावं, कसं पसरायचं तसं!

१६ नोव्हेंबर

महादू बोटीत नव्हता.

एकनाथ खाटेच्या कडेला मुटकुळं करून पडलाय. "पसरा ना," म्हटलं. ऐकत नाही.