बॅटरी तपासण्याची माझी पद्धत

सोमवार, ४ मार्च
डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागलाय आणि विझायचं नाव नाही. बॅटरी तर नवीकोरी. म्हणजे दिवाच खोटं बोलतोय. हल्लीच्या गाड्यांना किरकिरीची खोड आहे, वैताग नुसता. शुक्रवारी कन्येचा इंटरव्ह्यू, शेजारच्या शहरात. मीच नेणार. पहिल्या इंटरव्ह्यूला सोबत बाप हवा.

मंगळवार, ५ मार्च
मेव्हणा टपकला. न विचारता बॉनेट उघडलं. म्हणे, दाजी, पट्टा ढिला झालाय. बॅटरी फक्त गाडी सुरू करते. पुढे इंजिन पट्ट्यानं अल्टरनेटर फिरवतं, तो वीज बनवतो आणि बॅटरीही भरतो. पट्टा घसरला की चार्जिंग बोंबललं. आवळून घ्या. एवढं मला कळत नाही? (कालपर्यंत कळत नव्हतं, पण तो मुद्दा नाही.) वर काळे हात माझ्या टॉवेलला पुसले. किळस आली. टॉवेल फेकून दिला.

बुधवार, ६ मार्च
गाडी कुंथत कुंथत सुरू झाली. बायको म्हणाली, पट्टा आवळायला काय जातंय? मेव्हण्याच्या अंदाजावर मी गाडी चालवत नाही. मी शास्त्रीय टेस्ट करणार. इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढायची. इंजिन चालूच राहिलं तर अल्टरनेटर ठणठणीत. वडील त्यांच्या जुन्या गाडीत हेच करायचे. कन्या बसचं वेळापत्रक बघत होती. बंद करायला लावलं.

गुरुवार, ७ मार्च, सकाळ
टेस्ट यशस्वी. वायर काढली तरी इंजिन चालू. हेडलाइट तर कधी नव्हे इतके लखलखले. मग फट्ट झालं. दिवे गेले, रेडिओ गेला, जळका घाणेरडा वास सुटला. पण तोवर इंजिन चालू होतं, हे महत्त्वाचं.

संध्याकाळ
गॅरेजवाल्याकडे बसायला खुर्ची नाही, सगळीकडे तेलाचा चिकटा. म्हणे, वाढीव व्होल्टेज बॅटरी झेलते. चालू गाडीत तीच काढली की वीज मोकाट सुटते. अल्टरनेटर जळालाय, नवा सोमवारी मिळेल. पट्टा मात्र नुसता ढिलाच होता. असल्यांच्या नादी कोण लागतो? गाडी तशीच घरी आणली, बॅटरी चार्जरवर लावलीय. भरलेल्या बॅटरीवर गाडी धावतेच. उद्या निघणार म्हणजे निघणार.

शुक्रवार, ८ मार्च
फाटकात बंद पडली. बायकोनं भावाला फोन केला, तो लगेच आला. त्यानं आणि कन्येनं, तिच्या इस्त्रीच्या कपड्यांत, माझी गाडी ढकलली. मी स्टिअरिंगवर होतो. मग तो तिला घेऊन गेला.

मी म्हणालो, तुझ्या भावाला मंगळवारी नाक खुपसायला सांगितलं कुणी? बायको म्हणाली, लेकीनं. दिवा लागला त्याच दिवशी तिनं फोन केला होता. मामा, गाडी जरा बघून दे, मला बाबांबरोबरच जायचंय.