माळ्यावरची लोकर

सिरसाळा,
८ एप्रिल

प्रिय अंजूताई,

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं, की तुझ्या बाळंतपणासाठी केदारदाजींनी आपल्या वरच्या खोलीच्या माळ्यावर चार इंच सांगून दीडच इंच काचेची लोकर अंथरली. ते चूक आहे. लोकर चार इंचच होती. एवढं आधी वाचून घे, मग बाकीचं सावकाश वाच.

पत्रे आणि खालच्या फळ्या यांच्यामध्ये माणूस रांगेल एवढीच जागा आहे, तुला माहीतच आहे. त्या दिवशी मी दाभण घेऊन चढले, त्याच्या आधीच माय वर जाऊन माझ्यासाठी पोती बाजूला सारून आली होती. मी त्याच मोकळ्या जागेत दाभण टोचलं, जिथवर बुडालं तिथं बोट धरलं आणि पट्टीला लावलं. पुन्हा पुन्हा मोजलं, तरी दीडच. पुडक्यावर उष्णता अडवायचा जो आकडा छापलाय तो चार इंचांचा. मी अप्पांना तसं सांगितलं. घरात कॉलेज पाहिलेली मी एकटी, त्यामुळं माझ्या मापाला कुणी उलटं विचारत नाही. अप्पांनी तिथल्या तिथं तुझ्या सासऱ्यांना फोन लावला. मामा दुकानात होते, गिऱ्हाइकं बसलेली, फोन स्पीकरवर; अप्पांनी दाजींना लबाड म्हटलेलं सगळ्यांनी ऐकलं. पुढं काय झालं ते तुलाच जास्त माहीत. मग तुझा निरोप आला, की बाळंतपण चौसाळ्यातच होईल, माहेरी यायचं नाही. तेव्हापासून माय वरच्या खोलीकडं बघतसुद्धा नाही.

सोमवारी दुपारी मी पुन्हा चढले. पुरावा म्हणून फोटो काढावा, असं मनात होतं. पत्र्याला खांदा लागला तर चटका बसला. सरपटत पार कोपऱ्यात गेले, जिथं पोतं मावतच नाही. तिथं दाभण टोचलं, तर ते जातच राहिलं. पुरे चार इंच. मी लोकरीखाली हात घातला आणि फळीला तळवा लावला. ताई, फळी माठाच्या पोटासारखी गार होती. वर वीतभर अंतरावर तापलेला पत्रा आणि खाली ही गार फळी. मी तिथंच पडून राहिले, फोटोचं विसरून गेले. लोकर ऊन अडवत नाही, तिच्यात अडकून बसलेली हवा अडवते, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवलेत. पण विश्वास बसला तो परवा. आपल्याकडचं एवढं ऊन, आणि त्याच्यापुढं उभं कोण, तर हलायचं विसरलेली थोडीशी हवा! मला देवळात बसल्यासारखं झालं.

मग मी एक पोतं ढकललं. खालची लोकर भाकरीसारखी चपटी झाली होती. पोत्यांत काय होतं, सांगू? तुझ्या न्हाणीच्या पाण्यासाठी गोवऱ्या, शेगडीचे कोळसे, खोबरं, बाळाच्या दुपट्यांसाठी धुऊन ठेवलेली जुनी लुगडी. संक्रांतीपासून माय एकेक वर नेत होती. तिला विचारलं, तर म्हणाली, “गादीच हाय की ती. गादीवर वझं ठेवल्यानं काय होतंय?” मला तिला रागावता आलं नाही. अडीच इंच हवा आम्हीच दाबून बाहेर काढली, तीही तुझ्यासाठीच्याच तयारीनं.

सगळी पोती खाली आणली. काल पाहिलं, तर लोकर आपली आपणच थोडी वर आली होती. आज आणखी थोडी. कुणी हात न लावता. मी काम सोडून सारखी शिडी चढतेय आणि माय खालून हसतेय, फार दिवसांनी. काही ठिकाणी मात्र ती आता उठणार नाही. तिथं नवा थर लागेल, आणि तो दाजींनीच घालायला हवा. दिवाळीत हाताला काचेची कुसं टोचत असताना ते गुडघ्यावर बसून म्हणाले होते, “आंगडं-टोपडं आजोळचं असतंय, पर हे टोपडं बापाचं.” त्या माणसाला मी लबाड ठरवलं.

अप्पांना मी अजून हे सांगितलेलं नाही. सांगितलं तर मुलीचा बाप म्हणून ते आजच्या आज येऊन व्याह्यांपुढं हात जोडतील. ते मला बघवणार नाही, कारण माप माझं होतं, त्यांचं नाही. जे गिऱ्हाइकांसमोर बोललं गेलं, ते गिऱ्हाइकांसमोरच मागं घ्यायला हवं. सोमवारी मामा कपिलधारला जातात, तेव्हा दुकान बंद असतं. म्हणून त्याच्या आदल्या दिवशी, बाजारची गर्दी असताना येते. तोवर तू घरात कुणाला काही सांगू नकोस. फक्त तुझी बॅग भरून ठेव. मामांनी हो म्हटलं तर तुला सोबत घेऊनच परतेन, आणि नाही म्हटलं तरी दाजींची माफी मागितल्याशिवाय दुकानाची पायरी उतरणार नाही. बीडला गाडी बदलून चौसाळ्याला पोचते, येत्या रविवारी, १२ एप्रिलला.

तुझीच,
रुद्राणी