दाजीची साबनाची कांडी

दिवाळीचा पाडवा, दिवेलागणीच्या आधी

गालाला अजून वास येऊन राहिला. चंदनावानी, पन चंदन न्हाई.

दाजी, म्हंजे अक्काचे मालक, दिवाळसनाला हैद्राबादहून दाढीच्या साबनाची कांडी घेऊन आले. सकाळी म्हनले, "घे, तूबी करून बघ. वाटी नको, काई नको. गाल वला कर, कांडी फिरव, वरून बुरूश." काय फेस आला! गावचा न्हावी नुसतं पानी लावून खरडतो, अन् इथं वस्तरा लोन्यातून गेल्यावानी. मी इतका खुशीत की फेसाखाली मिशी हाय हेच इसरलो. अर्धी गेली. मंग उरलेलीबी काढली.

अन् मंग आठवलं. मिशी बाप गेल्यावरच काढतेत! आबा तर वसरीत बसलेले. तोंडाला उपरनं लावून जेवाया बसलो.

"दात दुखतो का रे?" आबा म्हनले. मी मान हलवली. अक्कानं उपरनंच वढलं.

आबा बघतच राहिले. "काहून रे, मी कवा मेलो? मला कोनी सांगितलं बी न्हाई!"

दाजीला ठसका लागला. मला रडू यावं का हसू, कळंना. आबानं माझ्या गालावर हात फिरवला. उलटा, मंग सुलटा. "मऊ हाय की. कुठाय ती कांडी?"

त्यांच्या गालाला मीच कांडी लावली. इतक्या जवळून आबाचं तोंड कधी बघितलंच नव्हतं. डोळे मिटून बसले फेसात. वस्तरा टेकवला तर एक डोळा उघडून म्हनले, "मिशी संभाळ. माझा बाप गेलेला हाय, पन तुझी माय मला घरात घ्यायची न्हाई."

आत्ता शेजारीच बसलेत. दोघांच्याबी गालाला एकच वास.