मधल्या फुलाची जागा

११ मार्च २००१, रविवार
स्नेहलचा साखरपुडा झाला. मुरबाडची माणसं चांगली आहेत. जावई साईनाथ कमी बोलतो, म्हणजे हुशार असणार. त्याच्या वाटणीचं त्याची आई ताराबाई बोलतात. पंगतीत त्यांनी विचारलं, रुखवतात काय मांडणार? मी म्हटलं, क्रोशाच्या फुलांचं तोरण, आणि मधलं मोठं फूल मी स्वतः विणणार. हे दुसरं वाक्य कुठून आलं कळलं नाही. बासुंदी तिसऱ्यांदा घेतली होती, त्यामुळे असेल. सगळी पंगत हसली. आमची सरस्वती वाढता वाढता थांबली. स्नेहल मात्र एवढी खूश झाली की तिने तिथेच जाहीर केलं, मधली जागा बाबांसाठी रिकामी ठेवणार.
आता शब्द दिला. लग्न ६ मेला. वेळ भरपूर. फूल म्हणजे अर्ध्या तासाचं काम.

१३ मार्च
शहापूरच्या बाजारातून सुई आणि लाल दोरा आणला. दुकानात सगळ्या बायका. मी मोठ्याने सांगितलं, मिसेसनी मागवलंय. कुणी विचारलं नव्हतं.

१६ मार्च, दुपार
सरस्वती शिकवायला बसली. आधी साखळी. ती गोल जोडायची. मग तिच्यावर उभे टाके, त्यांना खांब म्हणतात. पुढच्या फेरीत एकेका घरात दोन-दोन खांब. मी म्हटलं, दोन कशाला? दोरा काय फुकट येतो? आणि मध्ये ही भोकं कसली?
म्हणाली, अवो, भोकं हायेत म्हनून तर ते फूल दिसतंय.
आता हिला काय सांगू. अख्खी नोकरी भातसानगरला धरणाच्या दारांवर काढली. कुठे भोक दिसलं की मला चैन पडत नाही. रिटायर झालो म्हणून तत्त्व सोडायचं? माझं फूल घट्ट असणार. एक थेंब गळणार नाही.

२२ मार्च
पहिलं फूल तयार. भोक एकही नाही. कडा जरा वर वळतात. ही कळी आहे. उमलेल.

२ एप्रिल
उमललं नाही. दुसरं आणि तिसरंही वर वळलं. सरस्वती म्हणते, हात सैल सोडा, खांब वाढवा. मी म्हटलं, सैल काम आपल्याकडे चालत नाही. दुपारी बघतो तर तिने माझ्या फुलात सोललेला लसूण ठेवला होता. निषेध म्हणून जेवलो नाही. चार वाजता पोहे खाल्ले, पण बोललो नाही.

९ एप्रिल
साईनाथ पत्रिका घेऊन आला. आज पहिल्यांदाच चार वाक्यं बोलला आणि चारही फुलाबद्दल. आईने मुरबाडच्या बाजारात सगळ्यांना सांगितलंय म्हणे. भाजीवालीसुद्धा विचारते, व्याह्यांचं फूल कुठवर आलं? मी म्हटलं, फिनिशिंग बाकी आहे. दाखवलं नाही. अर्धवट काम कलाकाराने दाखवू नये.
तो गेल्यावर घाम पुसला. एप्रिलचं ऊन.

१८ एप्रिल
चूक डिझाइनची नाही, प्रेशरची आहे. नवीन फूल दिवसभर वरवंट्याखाली ठेवलं. काढल्याबरोबर परत वाटी. मग इस्त्री मारली. जरा जास्त मारली. आता एका बाजूला तपकिरी डाग असलेली वाटी.

२८ एप्रिल
तोरण दारावर लावून बघितलं. पांढरी फुलं, हिरवी पानं, मधोमध मोकळी जागा. पुढचा एक दात पडल्यासारखं दिसतं. स्नेहल म्हणाली, बाबा, जमेल ना? नायतर राहू दे. मी म्हटलं, तुझ्या बापाने कधी शब्द मोडलाय?
ती हसली. पोरगी परवा परवापर्यंत माझ्या सायकलच्या दांडीवर बसायची. तिने मागितलं काय, तर एक फूल.

४ मे
निर्णय घेतला. सरस्वतीच्या पेटीत जादाचं मोठं लाल फूल सापडलं. ते मधल्या जागी टाचलं. ही चोरी नव्हे. घरातलाच माल. दोरा मीच आणलेला, म्हणजे तत्त्वतः फूल माझंच. डागवाली वाटी कचऱ्यात टाकली. कुणी बघितलं नाही.

६ मे, लग्न
ताराबाई सगळ्या मुरबाडकरणींना घेऊन रुखवतापुढे आल्या. मधल्या फुलाला हात लावून म्हणाल्या, व्याही, खरंच तुमी केलंत? मी हो म्हटलं. एवढ्यावर थांबायला हवं होतं. बोटं कशी सुजली, खांब कसे वाढवायचे, हात कसा सैल सोडायचा, सगळं सांगितलं. बायका ऐकत होत्या. मला फार बरं वाटलं.
मग त्यांनी स्नेहलला उखाणा घ्यायला लावला. तिने रुखवतातला नारळ उचलला. नारळाच्या डोक्यावर काहीतरी लाल होतं. घट्ट बसलेलं. मी डागावरून ओळखलं.
म्हणाली,
‘मधलं फूल आईचं, नारळाची टोपी बाबांची,
साईनाथरावांचं नाव घेते, लेक मी लाडाची दोघांची.’
मांडव हसून लोटपोट. ताराबाई पोट धरून खुर्चीत बसल्या. सरस्वती पदरात तोंड लपवून हसत होती. म्हणजे तिनेही बघितलं होतं.

७ मे
मूळ प्लॅन टोपीचाच होता. लोकांना समजायला वेळ लागतो.
रुखवत टेम्पोत गेलं. तो नारळ मात्र स्नेहल मांडीवर घेऊन जीपमध्ये बसली. टोपीसकट. मी रडलो. सगळ्यांसमोर रडलो. घर ओकंबोकं झालंय.

२० मे
शेजाऱ्यांकडे ताराबाईंचा फोन आला. त्यांच्या मुलीचं, समीक्षाचं लग्न ठरलं. रुखवताला पाच नारळ आहेत आणि टोप्या व्याह्यांच्याच हातच्या पाहिजेत, दुसऱ्या कुणाच्या चालणार नाहीत. बघा! शेवटी कलेची कदर झाली. लगेच हो म्हटलं. एकेक टोपी म्हणजे अर्ध्या तासाचं काम.

२ जून
पुन्हा नाचक्की नको म्हणून या वेळी पहिल्यापासून सरस्वतीचं ऐकलं. हात सैल. एका घरात दोन-दोन खांब. भोकं जिथल्या तिथे. आज पहिली टोपी पूर्ण झाली. नारळावर ठेवली. घसरून खाली पडली.
सपाट. पाकळ्या सुट्या. एकदम बिनचूक फूल.
सरस्वती म्हणाली, आता जमलं बगा तुमाला.
संध्याकाळपर्यंत आणखी दोन केली. दोन्ही फुलंच. टोपी कशी व्हायची, ते काही केल्या आठवत नाही.