पोटदुखीची साक्ष

रामवाडी, पेण

प्रिय मालू,

पत्र बघून हसशील. पण रोह्याला फोन लावला तर तू रडशील आणि मग मीच तुला समजावत बसेन, म्हणून लिहायला घेतलं. आधी खुशाली. घराच्या चार पायऱ्या चढतानाही मला मध्ये थांबावं लागतं. पापडाचं काम सुटलं. आमच्या पापडाच्या गटातली बायजाबाई रोज दारात येऊन विचारते, "बरी हायस ना गो?" माझ्या पोळपाटापाशी अजून कुणाला बसू दिलेलं नाही म्हणते. माझं हृदय निम्म्याहून कमी चालतं, हे तिला सांगायचा धीर होत नाही.

आठवतं, गागोद्याच्या शाळेत गणिताच्या परीक्षेला हमखास माझं पोट दुखायचं? एकदाही खरं दुखलं नाही. गुरुजी माझ्याकडे बघायचेच नाहीत, तुझ्याकडे बघायचे. तू वर्गात पहिली. "खरंच दुखतंय हिला, गुरुजी," तू म्हणायचीस आणि मी सुटायचे. तू डॉक्टर झालीस तेव्हा गावात पेढे मी वाटले. आमच्या मालूच्या हाताला गुण आहे, असं ज्याला त्याला सांगत सुटले होते.

म्हणूनच मार्चमधल्या त्या मंगळवारी तुझ्याकडे आले. पेणमध्ये डॉक्टर काय कमी आहेत? छातीवर दडपण, डावा हात जड, जबडा दुखतोय, घामाने पदर ओला. तरी एसटीने नागोठण्यावरून रोह्याला आले, तू आहेस म्हणून. आणि तू हसलीस. "काय गो, सहावीतलं पोट परत दुखाया लागलं?" मीही हसले. उलट लाजच वाटली मला, की उगाच तुझा वेळ घेतला. पापड लाटून हात भरलाय, छातीत पित्त आहे, या वयात घाम येतोच, म्हणालीस; झालं, मिटलं. अगं, लाटून दोन्ही हात दुखतात. माझा एकटा डावाच दुखत होता. ईसीजीचं मशीन तुझ्या टेबलाशेजारीच होतं, त्यावर तुझी पर्स ठेवलेली. चहा मात्र आग्रहाने पाजलास.

गुरुवारी मी पापड लाटता लाटता कोसळले. पनवेलच्या डॉक्टरांनी ह्यांना सांगितलं, अ‍ॅटॅक दोन दिवसांपूर्वीच येऊन गेलाय, तेव्हाच कळतं तर एवढं नुकसान झालं नसतं. तू धावत आलीस, माझे पाय चेपत बसलीस. जाताना तू मंगळवारी दिलेली औषधाची चिठ्ठी मागून घेतलीस, "औषधं बघते" म्हणून. मला वाटलं, किती काळजी करते. माझी लेक मनस्वी तेव्हापासून धुमसत होती, मीच तिला दटावून गप्प बसवत होते. मालू चुकली, माणूस आहे. एकदा तोंडाने म्हणेल, रोहिणी, मी तुला तपासायला हवं होतं. तेवढ्यावर मी सगळं सोडून दिलं असतं. तीन महिने वाट बघितली गं.

शेवटी मनस्वीने केसपेपर मागितला आणि परवा तुझ्या दवाखान्यातून त्याची प्रत आली. तुझंच अक्षर. ईसीजीचा व भरती होण्याचा सल्ला दिला, पेशंटने नकार दिला. मी नकार दिला? तुला? तू झोप म्हणाली असतीस तर मी तिथेच आडवी झाले असते. तुझी चूक मी गिळली असती मालू, हे नाही गिळवत. इतका संताप येतो, आणि डॉक्टरांनी मला संतापायलाही बंदी केली आहे.

एक गोष्ट तुला माहीत नाही. तू नेलेल्या चिठ्ठीचा फोटो पनवेलला मला भरती करतानाच फाइलला लागला होता. त्यात पित्ताच्या औषधाचं नाव आहे, बाकी कागद कोरा. मेडिकल कौन्सिलला मनस्वीने लिहिलेल्या तक्रारीवर आज सकाळी मी सही केली. दोन्ही पाकिटं एकदमच पोस्टात पडतील. तुला आधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. तुला बोलावतील, विचारतील, त्या दिवशी हिला खरंच दुखत होतं का. शाळेत मी खोटं बोलायचे तेव्हा दर वेळी माझ्या बाजूने उभी राहिलीस. या वेळी खरं दुखत होतं, मालू. तेवढं सांग.

एके काळची तुझीच,
रोहिणी