घरात रेंज आली

प्रिय बडबडे,

पाकीट बघून दचकू नकोस, आम्ही दोघंही धडधाकट आहोत. आधी आनंदाची बातमी. आपल्या घरात एकदाची रेंज आली! आता फोन घेऊन जिन्यात धावायला नको, की खिडकीबाहेर अर्धं अंग काढून 'हॅलो, हॅलो' करून शेजाऱ्यांची झोपमोड करायला नको. तुझे बाबा कंपनीशी इतके भांडले की तिकडची मुलगी त्यांना नुसत्या 'हॅलो'वरून ओळखायला लागली. शेवटी एक माणूस आला. त्याने भिंती ठोकून पाहिल्या, वरच्या पत्र्याकडे पाहून मान हलवली आणि म्हणाला, "काका, टॉवरचा दोष नाही, या घरात आवाज शिरणार कुठून?" मग त्याने दोघांच्या फोनमध्ये वायफाय कॉलिंग सुरू करून दिलं. बाबा तर फोन घेऊन न्हाणीघरात गेले आणि तिथून आत्याशी तासभर बोलले.

मग त्यांनी फोन माझ्या हातात दिला. आत्या बोलत होती, पण मला वाटलं, ती पाण्याखालून बोलतेय. मी म्हटलं, "अहो, तुटतोय बघा आवाज." त्यांनी फोन कानाला लावला आणि म्हणाले, "अगं, खणखणीत येतोय की!" मी आत गेले. भाजी चिरायला बसले, पण हात चालेना. ऐकू येईना नि टॉवर वाकडा, अशी माझी गत होती तर!

दोन दिवस फोनला हात लावला नाही. मग बाबांनीच विषय काढला आणि कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरीणबाई समोर बसून बोलत होत्या तोवर मी पटापट उत्तरं देत होते. मग त्यांनी तोंडासमोर कागद धरला. मी वाट बघत बसले, की या बोलणार कधी. बाबांचा चेहरा उतरला तेव्हा कळलं, बाईंचं बोलून झालं होतं. सूतगिरणीत इतकी वर्षं काढली ना, तिथल्या खडखडाटात आम्ही बायका ओठ बघूनच गप्पा मारायचो. ती सवय घरीही चालू राहिली, म्हणून ना तुम्हाला पत्ता लागला, ना मला. कान कधी गेले कोण जाणे. दोन्ही कानांना यंत्र बसवायचं आहे, माप देऊन आलेय. परवा बाबा माझ्या पाठीमागे उभे राहून काहीतरी पुटपुटले. मी वळून विचारलं तर म्हणाले, "काही नाही." म्हातारा लाजला होता गं. यंत्र आलं की पुन्हा म्हणायला लावणार आहे.

हे सगळं मी विनोदाने लिहितेय, पण त्या डॉक्टरांकडून परतताना मला रस्ताभर एकच गोष्ट आठवत होती, आणि त्यासाठीच हे पत्र. गेल्या महिन्यातला तुझा तो फोन. तू बराच वेळ बोलत होतीस. मला नेहमीसारखी खरखर ऐकू येत होती, आणि त्यातून एकच शब्द हाती लागला, 'संपलं'. तुझ्या घराचं रंगकाम चालू होतं ना, मला वाटलं, तेच. मी हसून म्हटलं, "बरं झालं बाई, सुटलीस एकदाची!" मग तू गप्प झालीस. फोन बंद झाला. मी म्हटलं, गेली रेंज. त्यानंतर तुझा फोन नाही. बाबांनी केला तर उचलत नाहीस, 'कामात आहे' एवढाच निरोप पाठवतेस. बाळा, काय संपलं? बाबा म्हणाले, मी जाऊन विचारून येतो. मी नको म्हटलं. तू ते मला सांगायला फोन केला होतास. मी त्यातलं काहीच ऐकलं नव्हतं गं, ऐकलं असतं तर हसले असते का? पुन्हा सांगताना त्रास होणार असेल, तर सगळं लिहू नकोस. नुसतं 'ये' एवढं लिही. मी निघते.

तुझीच,
आई